वाटेतला अडथळा

३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरकडे मुंबईची शेवटची ट्रॅम सुटली. ती खचाखच भरली होती. त्या रात्री अनेकांना कुठे जायचं नव्हतं, फक्त ट्रॅममध्ये बसायचं होतं. त्यानंतर जेमतेम साडेबारा महिन्यांनी, १४ एप्रिल १९६५ रोजी, केम्प्स कॉर्नरला शहरातला पहिला उड्डाणपूल खुला झाला. मुंबईवरच्या पुस्तकांत या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. ट्रॅम असते जुन्या मुंबईच्या आठवणींत, घोड्यांच्या व्हिक्टोरिया आणि इराण्याच्या चहाच्या शेजारी. पूल असतो स्थापत्याच्या प्रगतीत. मला मात्र ही एकाच घटनेची दोन टोकं वाटतात. या साडेबारा महिन्यांत कोणी ठराव केला नाही, कुठे जाहीर चर्चा झाली नाही, पण रस्ता कशासाठी असतो या प्रश्नाचं मुंबईचं उत्तर बदललं. तोवर रस्त्यावरून किती माणसं जातात हे पाहिलं जाई. पुढे किती गाड्या जातात हे पाहिलं जाऊ लागलं. हिशेबाचं एकक बदललं की हिशेबातला अडथळाही बदलतो. गेल्या दीडशे वर्षांत या शहराने वाटेतला अडथळा म्हणून कोणाकोणाकडे बोट दाखवलं, ते मला या लेखात पाहायचं आहे.

गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा रेल्वे येऊन दहा वर्षं झाली होती, पण शहरातल्या शहरात जायला सामान्य माणसाला स्वतःच्या पायांखेरीज काही नव्हतं. पैसेवाल्यांना पालख्या आणि घोडागाड्या होत्या, मालाला बैलगाड्या. फोर्टचे तट त्याच दशकात पाडले गेले आणि गाव बाहेर पसरू लागलं. ट्रॅमची कल्पना १८६५ मध्येच निघाली होती, परवानाही दिला गेला होता. पण त्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि त्या बुडीत ट्रॅमही गेली. अमेरिकेतल्या युद्धामुळे मुंबईत पैसा आला, आणि ते युद्ध संपल्यामुळे मुंबईकरांना आणखी नऊ वर्षं चालावं लागलं.

९ मे १८७४ ला घोड्यांची ट्रॅम अखेर सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीला. चालवणारी स्टर्न्स आणि किट्रेज ही कंपनी. तिच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. कुलाबा ते पायधुणी भाडं सुरुवातीला तीन आणे होतं. गर्दी वाढू लागली तसं लवकरच ते दोन आण्यांवर आणलं गेलं. तिकीट नावाची वस्तू पहिले काही महिने नव्हतीच. पैसे द्यायचे आणि बसायचं. तिकिटं त्याच वर्षी नंतर आली.

ट्रॅममागची युक्ती साधी होती. खडबडीत रस्त्यावर लाकडी चाक ओढताना घोड्याची ताकद घर्षणात जाते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक असेल तर तीच जोडी कितीतरी पट ओझं ओढते. म्हणून एक घोडागाडी जिथे तिघाचौघांना नेई, तिथे तितक्याच जनावरांच्या बळावर डबाभर माणसं जाऊ लागली. भाडं उतरवणं परवडलं ते यामुळे. सार्वजनिक वाहतूक हा पुढे मोठा शब्द झाला, त्याचा मुंबईतला पाया हा एवढाच: कमी बळात, कमी जागेत जास्त माणसं.

१९०५ मध्ये ही कंपनी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज या नव्या कंपनीने विकत घेतली, जिची आद्याक्षरं आपण आजही उच्चारतो. ७ मे १९०७ ला विजेची ट्रॅम धावली. वीज आणि ट्रॅम एकाच घरात नांदू लागली, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार होती. १९२० मध्ये दुमजली ट्रॅम आली, १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस, १९३७ मध्ये दुमजली बस. मधल्या काळात प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून नवे रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याला आखीव वसाहती वसवल्या. दादर हे मराठी मध्यमवर्गाचं गाव कसं झालं हे सांगताना शाळा, नाट्यगृहं, सार्वजनिक गणपती यांची नावं घेतली जातात. त्यात ट्रॅमचंही घ्यायला हवं. फोर्टातल्या कचेरीत कारकुनी करून दादरला बिऱ्हाड थाटणं ज्या वाहनांमुळे परवडलं, त्यांत लोकलबरोबर ट्रॅम होती. खोदादाद सर्कलला लोक आजही दादर टीटी म्हणतात. त्यातला पहिला टी ट्रॅमचा आणि दुसरा टर्मिनसचा, हे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना सांगावं लागतं.

पण ट्रॅमच्या काळाचं गोड चित्र काढताना एक गोष्ट विसरली जाते. ट्रॅम कारकुनाची होती, दुकानदाराची होती. गिरणी कामगाराची ती क्वचितच होती. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिलं आहे की १९२० च्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी सुमारे ९० टक्के कामाच्या जागेपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत होते. याला स्वेच्छा म्हणता येणार नाही. पाळी कधी मिळेल याची खात्री नसे, बदली कामगाराला रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहावं लागे, आणि भाड्याला रोज आणे घालवणं परवडत नसे. म्हणून दहा बाय दहाच्या खोलीत दहाजण राहिले, पण गिरणीच्या जवळ राहिले. माझे वडील त्याच पठडीतले. लालबागच्या चाळीतून भोंगा ऐकून निघत आणि भोंग्याच्या आत पोचत. त्यांना मी कधी ‘प्रवास’ हा शब्द गावाला जाण्याखेरीज वापरताना ऐकलं नाही. शहराचा सर्वांत मोठा प्रवासी वर्ग हा असा होता की जो स्वतःला प्रवासी समजत नव्हता, आणि शहरही त्याला तसं समजत नव्हतं. तिकीट नाही, म्हणून नोंद नाही. हे मोजणीतलं भोक तेव्हापासूनचं आहे.

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, कंपनी महापालिकेच्या मालकीची झाली. १९५३ पासून ट्रॅमचे तोट्यातले मार्ग एकेक करून बंद होऊ लागले. ट्रॅमवर आरोप तीन होते: ती हळू चालते, तोट्यात चालते आणि रस्त्याच्या मधोमध चालते. तिन्ही खरे होते. पण त्यांतला तिसरा आरोप जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ट्रॅमला रूळ सोडता येत नाही. तिच्या रुळावर एक मोटार उभी राहिली की मागचे साठ-सत्तर लोक खोळंबतात. स्वातंत्र्यानंतर मोटारी वाढत गेल्या, कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट बनू लागली, आणि ट्रॅमच्या वाटेत येणारी वाहनं दरवर्षी जास्त झाली. म्हणजे ट्रॅम हळू झाली त्याला मोठं कारण मोटार होती. आणि मोटार हळू होते म्हणून दोष ट्रॅमला मिळाला. दोघांनी एकमेकांची वाट अडवली तर अडथळा कोणाला म्हणायचं, हे ठरवताना डब्यातल्या माणसांची संख्या कोणी विचारात घेतल्याचं दिसत नाही.

यात मुंबईलाच वेगळं काढून बोल लावणं मात्र अन्यायाचं होईल. पॅरिसने १९३८ मध्येच ट्रॅम काढून टाकली होती, लंडनने १९५२ मध्ये. सगळ्या शहाण्यांचं तेच मत होतं. पॅरिसने १९९२ मध्ये ट्रॅम परत आणली आणि लंडनच्या क्रॉयडनमध्ये ती २००० साली पुन्हा धावली. म्हणजे शहाणपण बदलायला पन्नासएक वर्षं लागली. मुंबईनेही मधला मार्ग म्हणून ट्रॉलीबस आणून पाहिली. विजेच्या तारेवर चालणारी पण रुळाने न बांधलेली ही गाडी १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. मुंबईच्या विजेच्या बसचं कौतुक आता चाललं आहे, तेव्हा या नऊ वर्षांची आठवण कुणी काढत नाही.

ट्रॅम मावळत होती त्याच वेळी विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास केला. १९६३ च्या त्यांच्या अहवालात बेटाच्या पूर्व आणि पश्चिम कडेने द्रुतगती मार्गांची कल्पना होती. ज्या शहरात बहुतेक लोकांकडे मोटार नव्हती, त्या शहरासाठी हा आराखडा मोटारींच्या देशातून आला. पुढच्या साठ वर्षांत समुद्राच्या कडेने, समुद्रावरून आणि समुद्राखालून जे जे बांधलं गेलं, त्याची वंशावळ या अहवालापाशी जाते.

केम्प्स कॉर्नरच्या पुलाचा आराखडा करणारे अभियंते शिरीष पटेल. पूल उत्तम आहे. आजही उभा आहे आणि आजच्या अवाढव्य पुलांच्या तुलनेत देखणाही आहे. पण मला जास्त लक्षणीय वाटतं ते त्यांचं पुढचं आयुष्य. पूल खुला झाला त्याच वर्षी, १९६५ मध्ये, पटेल, चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवण्याची कल्पना मांडली. नंतरच्या काळात पटेल सातत्याने सार्वजनिक वाहतुकीच्या बाजूने लिहीत राहिले आणि मोटारींसाठीच्या सागरी किनारा रस्त्याचे ते टीकाकार होते. ज्याने पहिला पूल बांधला त्याला पुलांनी काय सुटतं आणि काय सुटत नाही हे कळलं होतं. ज्यांनी पुढचे बांधले त्यांनी त्याच्याकडून फक्त पूल घेतला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत पन्नासच्या वर उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. त्यावर चालणाऱ्याला मनाई, सायकलला मनाई, दुचाकी आणि रिक्षालाही मनाई. शहरातला सर्वांत महागडा रस्ता शहरातल्या बहुसंख्यांना कायद्यानेच बंद होता, आणि त्याच्या उद्घाटनाला सारं शहर आनंदित झालं होतं. मीही पाहायला गेलो होतो, वरळीच्या किनाऱ्यावरून.

आता गिरणगावाकडे परत जायला हवं, कारण या इतिहासाची किंमत माणसांनी मोजली ती तिथे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. तो रीतसर संपलाच नाही, गिरण्या संपल्या. १९९१ मध्ये विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींना वाट मिळाली, २००१ च्या बदलाने ती रुंद झाली, आणि परळ-लोअर परळच्या त्याच आवारांत कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. जमीन तीच राहिली. सकाळी तिथे कामाला येणारी माणसं पुन्हा हजारोंनी आली. फरक इतकाच की आधीचा कामगार पंधरा मिनिटं चालून येई. नवा कामगार विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येऊ लागला. त्यातही अखेरचा टप्पा पायीच, स्थानकाच्या पुलावरून आणि जिन्यावरून. मनोऱ्यांना चटईक्षेत्र देताना तळघरात मोटारी किती राहतील याचा हिशेब काटेकोर मागितला गेला. त्या मनोऱ्यांत रोज येणारी माणसं कोणत्या जिन्याने उतरतील, हा प्रश्न कोणत्या खात्याचा होता? जमीन एकाची, रस्ता महापालिकेचा, पूल रेल्वेचा. गिरण्यांच्या दिवसांतलं स्थानक मनोऱ्यांच्या दिवसांतली गर्दी झेलत राहिलं.

एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन रेल्वेंची दोन स्थानकं जोडणारा पादचारी पूल मी काही वर्षं रोज वापरला. गर्दीत त्याच्या जिन्यावर पाय आपण टाकत नाही, तो पुढच्याच्या पायामागून आपोआप पडतो. पाऊस आला की भिजू नये म्हणून लोक पुलावरच थांबत आणि वरून येणारे थांबत नसत. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, जोराचा पाऊस आला. जिन्यावर माणसं अडकली, काहीतरी पडल्याची ओरड झाली. फुलांचा भारा पडला ते ‘पूल पडला’ असं ऐकू गेलं असं नंतर सांगितलं गेलं. चेंगराचेंगरीत २३ जण मेले. नव्या पुलाला त्याआधीच मंजुरी मिळालेली होती, ती कागदावर होती. त्यानंतर लष्कराला बोलावलं गेलं आणि लष्कराने काही महिन्यांत, २०१८ च्या फेब्रुवारीअखेर, पूल उभा करून दिला. पन्नास उड्डाणपूल बांधणाऱ्या शहराला चालणाऱ्यांचा एक पूल सैन्याकडून घ्यावा लागला, हे वाक्य मी कितीदा तरी लिहून खोडलं आहे. पण ते तसंच घडलं. त्या जुलैत स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं.

एल्फिन्स्टनच्या आधी आणि नंतरही पादचाऱ्याचा विचार झालाच नाही असं नाही. झाला, पण त्याला वर उचलून. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला स्थानकापासून कलानगरपर्यंत पहिला स्कायवॉक झाला आणि मग एमएमआरडीएने शहरभर आणि उपनगरांत तीसच्या वर बांधले. कल्पना ऐकायला चांगली होती: खाली गोंधळ, वर मोकळी वाट. पण चालणारा माणूस नुसता चालत नाही. तो वाटेत भाजी घेतो, चहा पितो, ओळखीच्याशी दोन शब्द बोलतो, मुलाला शाळेतून घेतो. त्याला पन्नास पायऱ्या चढवून शेवटी पन्नास उतरायला लावल्या तर तो रस्ताच पसंत करणार. म्हाताऱ्या माणसाचं तर बोलायलाच नको. शिवाय स्कायवॉकमध्ये एक न बोललेलं मत आहे, की जमिनीवरचा रस्ता हा मोटारीचा आणि पादचारी हा तिच्या वाटेतला अडथळा. १९६४ मध्ये ट्रॅमला उचलून बाजूला केलं. २००८ मध्ये माणसाला. वांद्र्याचा तो पहिला स्कायवॉक अकरा वर्षांत वापराला बंद करावा लागला आणि पुढे पाडला गेला.

फुटपाथचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि तिथे मी ठाम बोलू शकत नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि त्याच निकालात फुटपाथ चालण्यासाठी आहे, राहण्यासाठी नाही, असंही सांगितलं. एकाच सहा फुटांवर तीन गरिबांचा हक्क: राहणाऱ्याचा, विकणाऱ्याचा आणि चालणाऱ्याचा. हे तिघं गेली चाळीस वर्षं एकमेकांशी भांडत आहेत, आणि शेजारी साठ फुटांचा डांबरी रस्ता आहे, त्यातली दोन्ही बाजूंची जागा फुकट उभ्या असलेल्या मोटारींनी व्यापलेली आहे. त्या जागेविषयी कोणी खटला भरल्याचं फारसं ऐकू येत नाही.

सायकलविषयी थोडक्यात. मुंबईत सायकल ही हौस होण्याआधी हत्यार होती: पाववाल्याचं, दूधवाल्याचं, डबेवाल्याचं. त्यांच्यासाठी कधी मार्ग आखला गेला नाही. मार्ग आखले गेले ते हौशीसाठी, आणि तेही टिकले नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सायकल मार्गावर मोटारी उभ्या राहू लागल्या. पवई तलावाच्या काठाने महापालिकेने सायकल मार्ग काढायला घेतला तो मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला, कारण तो तलावाच्या पात्रात होता. रस्त्यातून सायकलला दोन मीटर देण्यापेक्षा तलावातून देणं सोपं वाटावं, यावरून रस्त्यातल्या दोन मीटरची किंमत कळते.

मधल्या काळात मोजणी सुधारली, हे मान्य करायला हवं. २००८ च्या महानगर प्रदेशाच्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात पायी फेऱ्या मोजल्या गेल्या आणि त्या एकूण फेऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास निघाल्या. उरलेल्यांत लोकल आणि बस मिळून फार मोठा वाटा होता. मोटारीचा अगदी थोडा. म्हणजे वडिलांच्या पिढीचा तो न नोंदलेला प्रवासी अखेर कागदावर आला. पैसा मात्र त्याच्याकडे वळला नाही.

आणि बस? १९०५ मध्ये वीज आणि ट्रॅम एका घरात आली असं वर म्हटलं. पुढे अनेक दशकं विजेच्या व्यवहारातल्या पैशाने बसचा तोटा भरून निघत असे. दिवा लावणारा नकळत बसमधल्याला हात देई. विजेचे कायदे आणि नियम बदलले तसा तो हात सुटला, आणि बसचा तोटा उघडा पडला. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांच्या वर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या भाड्याच्या आहेत. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठ रुपयांवरून पाचावर आणलं गेलं तेव्हा प्रवासी लगेच परतले. १८७४ मध्ये तीन आण्यांचे दोन झाले तेव्हाची गणितं अजून लागू होती. मे २०२५ मध्ये पाचाचे दहा झाले. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डिझेलची दुमजली बस निवृत्त झाली, तेव्हा तिला हार घालायला आणि तिच्यासोबत फोटो काढायला लोक जमले होते. बस वेळेवर मिळत नाही म्हणून शेअर टॅक्सीच्या रांगेत उभी राहणारी माणसंही त्यांत असतील.

२०१७ मध्ये हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनभोवतीच्या नूतनीकरणासाठी खोदकाम झालं, तेव्हा डांबराखाली ट्रॅमचे रूळ सापडले. ते १९६४ मध्ये तिथून काढलेच नव्हते. त्यांच्यावर फक्त थर चढवत गेले होते.